बुटांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या : वयात येण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याकडच्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’चा दुसरा धडा आला की कितीतरी वर्गांत एकच वाक्य ऐकू येतं, “हा भाग घरी वाचून या.” पोरं घरी नेमका तेवढाच भाग वाचतात आणि विचारायचं कुणाला हे न सुचल्यामुळे मोबाइलला विचारतात. म्हणून मी बुटांच्या एका रिकाम्या खोक्याला फट पाडली आणि नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगितलं. पुढे पालकसभेतही ते खोकं फिरायला लागलं. खालचे प्रश्न त्या चिठ्ठ्यांमधले आहेत, शुद्धलेखन तेवढं मी सुधारलंय. अक्षर वेगळं, प्रश्न वेगळा, पण बहुतेक चिठ्ठ्यांच्या तळाशी एकच विचारणा असते : बाई, माझं सगळं बरोबर आहे ना?

वयात येणं नेमकं कितव्या वर्षी सुरू होतं?

मुलींचं ८ ते १३ या वयात कधीही, मुलांचं ९ ते १४ या वयात कधीही. पट्टी पाच वर्षं रुंद आहे. सातवीच्या एकाच बाकावर एकाला मिसरूड फुटलेली असते आणि शेजारचा अजून चौथीतून उचलून आणल्यासारखा दिसतो. दोघंही ठीक असतात.

वय मागेपुढे होतं, क्रम मात्र सहसा ठरलेला. मुलींमध्ये पहिली खूण म्हणजे स्तनाग्राखाली हाताला लागणारी बारीक, दुखरी गाठ. ती पुष्कळदा आधी एकाच बाजूला येते आणि ‘गाठ’ म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा येतो. मग केस, मग उंची, आणि त्या गाठीनंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी. म्हणजे ‘पाळी आली, पोरगी वयात आली’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर ती बरीच वाट चालून आलेली असते. मुलांमध्ये पहिली खूण म्हणजे वृषणं वाढणं. ते कुणाला दिसत नाही. त्यामुळे सगळं घर मिसरुडीकडे डोळे लावून बसतं, आणि मिसरूड येते सगळ्यात शेवटी शेवटी.

जेम्स टॅनर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६९ आणि १९७० साली हा क्रम पाच पायऱ्यांमध्ये मांडला. आजही बालरोगतज्ज्ञ केसपेपरवर ‘टॅनर २’, ‘टॅनर ३’ असं लिहितात ते हेच. तो गुणांचा आकडा नाही, घाबरू नका.

पण शरीराला कळतं कसं, की आता वेळ झाली?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. ही चिठ्ठी एका सहावीतल्या मुलाची होती, अक्षरावरून ओळखलं मी.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढा भाग असतो. तिथल्या थोड्या पेशी जीएनआरएच नावाचं रसायन सोडतात. ते जवळच्या पियुषिका ग्रंथीला जागं करतं, ती रक्तात दोन संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, पाठवते, आणि ती खाली जाऊन बीजांडकोशांना किंवा वृषणांना कामाला लावतात. तिथून इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन निघतं आणि बाकीची सगळी गडबड ते करतात. गंमत अशी, की ही यंत्रणा जन्मानंतर काही महिने चालू असते! मग मेंदू तिला ब्रेक लावतो आणि आठ-दहा वर्षांनी तो ब्रेक सुटतो. वयात येणं म्हणजे नवं इंजिन बसवणं नव्हे. आणि ब्रेक सुटतो तो आधी रात्री, झोपेत.

जीएनआरएच शोधायला अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेनं डुकरांचे आणि रॉजर गिलमिन यांच्या प्रयोगशाळेनं मेंढ्यांचे लाखो मेंदू गाळले. १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली आणि १९७७ चं नोबेल दोघांनाही विभागून मिळालं. पुढे माकडांवरच्या प्रयोगांतून एक विचित्र गोष्ट कळली. हे रसायन तासाला एक असं ठोक्याठोक्यानं सोडलं तर यंत्रणा चालते, पण सतत धारेनं सोडलं तर बंद पडते. म्हणजे निरोप रसायनात आहे तसाच तालातही आहे. फार लवकर वयात येणाऱ्या मुलांना आज जे इंजेक्शन देतात, त्याचं तत्त्व हेच : ताल मोडायचा.

ब्रेक कोण सोडतं? त्यात किसपेप्टिन नावाच्या प्रथिनाचा मोठा हात आहे, हे २००३ मध्ये कळलं. ते ज्या जागी जाऊन चिकटतं ती जागाच बिघडलेली असेल तर माणूस आपोआप वयात येत नाही. हे नाव अमेरिकेतल्या हर्शी गावातल्या ‘किसेस’ चॉकलेटवरून पडलंय, कारण जनुक सापडलं त्याच गावात. याशिवाय शरीरातली चरबी लेप्टिन नावाच्या संप्रेरकामार्फत मेंदूला कळवत असते की शिल्लक पुरेशी आहे. अगदी हडकुळ्या मुलींची, फार कष्टाचा व्यायाम करणाऱ्या खेळाडूंची पाळी लांबते त्याला हेही एक कारण.

माझी मुलगी चौथीत आहे आणि तिला पाळी आली. आमच्या वेळी असं नव्हतं.

खरंय, नव्हतं. उत्तर युरोपातल्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या नोंदी बघितल्या तर पहिली पाळी सोळा-सतराच्या आसपास येत असे. आता ती जगात बऱ्याच ठिकाणी बारा-तेराच्या आसपास येते. अन्न सुधारलं, लहानपणीचे आजार कमी झाले, आणि अलीकडे मुलांचं वजनही वाढलं. आजीला चौदाव्या वर्षी आणि नातीला अकराव्या वर्षी, यात कुणाचा दोष नाही. ‘टीव्ही बघून लवकर येते’ हे मात्र मला दर पालकसभेत ऐकावं लागलं.

मुलीला आठ वर्षांच्या आत आणि मुलाला नऊ वर्षांच्या आत खुणा दिसल्या, किंवा पाळी दहाच्या आत आली, तर डॉक्टरांना दाखवा. यामागे एक व्यवहारी कारण आहे. इस्ट्रोजेन हाडांची वाढ आधी पळवतं आणि मग थांबवतं. मुलांमध्येही हाडांची टोकं जुळवण्याचं काम तेच करतं. त्यामुळे तिसरीत सगळ्यात उंच असलेली मुलगी नववीत सगळ्यात बुटकी राहू शकते.

आणखी एक. नऊ वर्षांच्या मुलीला पाळी आली तरी ती नऊ वर्षांचीच असते. तिला लंगडी खेळू द्या. ‘आता तू मोठी झालीस’ हे वाक्य त्या वयाला झेपत नाही.

पाळी आली म्हणजे लग्नाला तयार, असं आजी म्हणते.

आजी जे ऐकत आली तेच सांगतेय. आपल्याकडे न्हाण आलं की गर्भाधान, अशी रीतच होती. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. त्यानं वयाची मर्यादा १० वरून फक्त १२ केली, आणि तेवढ्यावरून पुण्यात केवढं रण माजलं! खुद्द टिळक विरोधात उभे होते. लोकमान्यांबद्दलचा आदर बाजूला न ठेवताही म्हणता येतं, की या बाबतीत ते चुकले.

शरीराचं म्हणणं काय? पहिली पाळी आल्यावरही ओटीपोटाची हाडं पुढची कित्येक वर्षं रुंद होत राहतात. पहिल्या एक-दोन वर्षांतल्या पुष्कळ पाळ्यांत तर बीजांड सुटतच नाही. यंत्रणेची ती चाचणी चाललेली असते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. साताऱ्यात बसून हा आकडा वाचताना मला माझ्या वर्गातल्या, दहावीनंतर दिसेनाशा झालेल्या मुली आठवतात.

पाळीचं रक्त घाण असतं ना?

नाही. दर महिन्याला गर्भाशय आतल्या बाजूनं रक्तवाहिन्यांचं मऊ अस्तर तयार करतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर सुटून येतं. तेच ऊतक, तेच रक्त. अंगातला कचरा बाहेर टाकायला मूत्रपिंडं आणि यकृत आहेत, गर्भाशयाचं ते कामच नाही. एका पाळीत रक्त जातं साधारण ३० ते ४० मिलिलीटर, म्हणजे कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाच्या आसपास. बघायला पुष्कळ वाटतं, कारण कापडावर थोडंसं रक्तही पसरतं.

सुरुवातीची दोन वर्षं पाळी २१ दिवसांनी येवो नाहीतर ४५ दिवसांनी, चालायचंच. पण दर तास-दोन तासांनी पॅड भिजत असेल, पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल, तीन-तीन महिने येत नसेल, किंवा पंधरावं सरलं तरी आलीच नसेल, तर दाखवायला हवं.

दुखण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ‘बाईच्या जातीला सोसायलाच हवं’ हे वाक्य मला चीड आणतं. अस्तर सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं निघतात. ती गर्भाशयाला आवळायला लावतात, म्हणून ओटीपोटात कळा येतात, कधी जुलाब आणि मळमळही होते. डॉक्टर देतात त्या वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या नेमकं हे द्रव्य तयार होणं अडवतात. म्हणून कळ सुरू होताच घेतलेली गोळी जास्त लागू पडते, गुरासारखं सोसून झाल्यावर घेतलेली कमी. दर महिन्याला शाळा बुडत असेल तर ते ‘नाटक’ नाही. एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार किशोरवयातही असतो आणि तो ओळखायला बायकांची वर्षंच्या वर्षं जातात.

‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘अडचण आहे’. नाव न घेता सांगायला आपण किती शब्द घडवलेत बघा. लोणच्याचं म्हणाल तर मी चार वर्षं मुद्दाम त्याच दिवसांत कैरी कापली. एकदाच नासलं, त्या वर्षी मीठ कमी पडलं होतं.

दर सोमवारी शाळेत निळी गोळी देतात, ती कशाला?

ती लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी, आठवड्याला एक. वर सांगितलेल्या पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के आणि मुलांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयी निघाले. म्हणजे हा फक्त पाळीचा प्रश्न नाही. मुलांचीही त्या वयात उंची आणि स्नायू झपाट्यानं वाढतात, त्यांना लोह लागतं. गोळी उपाशीपोटी घेऊ नका, मळमळतं. वरून चहा पिऊ नका, लोह वाया जातं. आणि बाकाखाली टाकू नका, झाडणाऱ्या मावशी मला आणून दाखवायच्या.

अंगावरून पांढरं जातं. हाडं झिजतात का?

हाडं झिजत नाहीत. योनीमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो, त्याचा तो स्राव. पहिल्या पाळीच्या आधी सहा महिने-वर्षभरापासून तो सुरू होऊ शकतो, आणि महिन्याभरात कधी पातळ, कधी चिकट होतो. खाज, दुर्गंधी, हिरवा-पिवळा रंग किंवा दह्यासारख्या गुठळ्या असतील तर जंतुसंसर्ग असू शकतो, तो औषधानं बरा होतो.

झोपेत कपडे ओले होतात. मी बारीक होत चाललोय. हे धातू जाणंच ना?

मुलांच्या चिठ्ठ्यांत सगळ्यात जास्त हीच. आणि सगळ्यात जास्त वेळा घडी घातलेलीही हीच.

कल्याणच्या पुढे रेल्वेच्या भिंती बघा, एसटी स्टँडच्या मुतारीत बघा. ‘धातुदुर्बलता’, ‘शीघ्र इलाज’, ‘गुण येईल किंवा पैसे परत’. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो, हे गणित पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. ते साफ खोटं आहे. रक्त हाडांच्या मगजात तयार होतं, शुक्राणू वृषणात. दोन कारखाने वेगळे आणि एकाचा माल दुसऱ्यात जात नाही. वीर्याचा निम्म्याहून जास्त भाग शुक्राशय नावाच्या ग्रंथींचं पाणीदार द्रव असतं, उरलेलं बरंचसं प्रोस्टेटचं. शुक्राणूंचा वाटा शेकडा पाचाच्या आसपास किंवा त्याहून कमी. एका वेळचं सगळं मिळून चमचाभर, त्यात थोडी साखर, थोडं प्रथिन. त्यानं कुणी वाळत नाही. शुक्राणू रोज कोट्यवधींनी तयार होत असतात, आणि ते साठवून ‘तेज’ वाढत नाही. जुने आपोआप विरघळतात किंवा झोपेत बाहेर पडतात. त्याला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो. त्या शब्दातला ‘दोष’ कुणी घातला कोण जाणे.

मग बारीकपणा, चक्कर, पाय दुखणं, अभ्यासात लक्ष नसणं, हे सगळं खोटं का? नाही, त्रास खरा असतो. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य जातंय या भीतीनं माणसाची झोप उडते, भूक मरते, आणि मग खरंच अंग गळतं. आजार भीतीचा आहे. बारीक होण्याचं कारण बहुतेकदा एवढंच, की वर्षात आठ-नऊ सेंटिमीटर उंची वाढली आणि अंग मागे राहिलं.

आणि हस्तमैथुन?

त्यानं दृष्टी जात नाही, वंध्यत्व येत नाही, पिंपल्स येत नाहीत, लग्नानंतर अडचण येत नाही. मुलगे करतात, मुलीही करतात, कित्येक जण करतही नाहीत. ते खाजगी आहे, एवढाच नियम. अभ्यास, झोप, मित्र सुटायला लागले तर मात्र कुणाशी तरी बोलायला हवं, पण ते मोबाइल गेमबद्दलही तितकंच खरं आहे.

हे सगळं मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे कधीच सांगून गेलेत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांनी असेच प्रश्न पाठवायचे आणि त्यांनी सरळ उत्तरं द्यायची. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. माझ्या खोक्यातल्या चिठ्ठ्या आणि त्यांना आलेली पत्रं यांत काही फरक आहे असं मला तरी वाटत नाही.

मी मुलगा आहे, पण छाती मुलींसारखी वाढलीय.

वयात येताना जवळपास निम्म्या मुलांना असं होतं. टेस्टोस्टेरॉनचा आणि इस्ट्रोजेनचा तोल काही काळ डळमळतो, म्हणून. वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचं आपोआप ओसरतं. एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणं, आवाज मध्येच चिरकणं, हेही नेहमीचं.

एक गोष्ट मात्र लाज सोडून लगेच सांगायची : वृषणात अचानक जोराची कळ आली, सूज आली, उलटी झाली, तर त्याच मिनिटाला घरच्यांना उठवायचं. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो साधारण सहा तासांच्या आत सोडवला तर वाचतो. ‘सकाळी बघू’ म्हणणाऱ्या मुलांनी वृषणं गमावलीत.

पोटातलं बाळ मुलगा की मुलगी, हे कोण ठरवतं?

साधारण सहा-सात आठवड्यांपर्यंत गर्भात दोन्हींकडे जाणाऱ्या वाटा खुल्या असतात. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं एक जनुक आहे, ते १९९० मध्ये सापडलं. ते चालू झालं की तिथे वृषणं घडतात, नाही तर बीजांडकोश. वाय बापाकडूनच येतो. मुलगे होत नाहीत म्हणून सुनेला टाकणाऱ्या घरांनी विज्ञान घेतलं असतं तर भांडणाची दिशा तरी बदलली असती.

पण गुणसूत्रांवर गोष्ट संपत नाही. आल्फ्रेद जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात सशांच्या गर्भातली वृषणं काढून बघितली, तर ते गर्भ मादीच्या अंगानं वाढले. म्हणजे शरीर घडतं ते संप्रेरकांच्या हुकमानं. हा हुकूम पाळणारी जागाच काही जणांत बंद असते. गुणसूत्रं एक्सवाय, पण देह मुलीचा. अशा मुलीला पाळी येत नाही म्हणून तपासणी होते तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळतं. पाचशे ते हजार मुलग्यांमागे एखाद्याला एक्स एक जास्त असतो. निसर्ग दोनच खाने करून थांबलेला नाही.

एखादी व्यक्ती आवडायला लागते ते कशामुळे? हार्मोनमुळे का?

हार्मोन आवाज वाढवतात, गाणं कोणतं ते ठरवत नाहीत. किडनीवरच्या ग्रंथी सहाव्या ते आठव्या वर्षापासूनच थोडी थोडी पुरुषी संप्रेरकं सोडायला लागतात, मुलींमध्येही. पुष्कळांना पहिली ओढ दहाव्या वर्षाच्या आसपास आठवते, पाळी आणि मिसरुडीच्या कितीतरी आधी. मग मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा कामाला लागते. ती व्यक्ती वर्गात शिरली की छाती धडधडते, ते डोपामिन आणि अॅड्रेनॅलिनचं काम.

कोण आवडेल यात मात्र वाढलो कसे याचाही हात असतो. इस्राएलच्या किबुत्झ वसाहतींत मुलं अगदी तान्हेपणापासून एकत्र, एकाच बालगृहात वाढायची. पुढे जोसेफ शेफर यांनी तिथली सुमारे पावणेतीन हजार लग्नं तपासली. लहानपणापासून एकाच गटात वाढलेल्यांची आपसातली लग्नं त्यात जवळजवळ नव्हतीच, कुणी मनाई केलेली नसताना. आमच्याकडे मामाच्या मुलीवरून चिडवतात, पण ती मामाच्या गावाला वाढलेली असते आणि फक्त सुट्टीत भेटते, हेही लक्षात घ्या.

कुणी आवडतच नाही, असंही असतं. तेही बरोबरच आहे.

माझ्या मुलाला मुलगेच आवडतात. औषध आहे का?

औषध नाही, कारण आजार नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले असे संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. ‘बदलून देतो’ म्हणणारे उपचार हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये बजावलं. बाबाबुवांना आयोग लागू नाही, त्यांच्यापासून मुलाला तुम्हीच वाचवायचं.

कशामुळे होतं? २०१९ मध्ये पावणेपाच लाख माणसांची जनुकं तपासली तेव्हा ‘समलैंगिकतेचं जनुक’ असं एकही सापडलं नाही. बारीक बारीक परिणाम करणारी अनेक जनुकं, आणि बाकी बरंच काही. वाईट संगतीनं होतं, आईनं लाडावल्यानं होतं, याला आधार नाही. आणि स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणून आतून ओळखणं ही आणखी वेगळी गोष्ट, कोण आवडतं त्याच्याशी तिची गल्लत करू नका.

तुमच्या चिठ्ठीत ‘लोक काय म्हणतील’ तीनदा होतं. मुलगा काय म्हणाला ते एकदाही नव्हतं.

कालपर्यंत शहाणी होती, आज दार आपटते.

सगळं हार्मोनवर ढकलू नका. भावना आणि बक्षीस सांभाळणारे मेंदूचे भाग आधी जोर धरतात. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. २००५ मध्ये स्टाइनबर्ग आणि गार्डनर यांनी मुलांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ दिला. एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतकीच जपून खेळली, मित्र बघायला उभे राहिले की धोका पत्करणं कितीतरी वाढलं. ट्रिपल सीट जाणाऱ्या तिघांपैकी प्रत्येक जण एकटा असता तर हळू गेला असता!

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये आणखी एक गोष्ट टिपली. या वयात आपल्याभोवती सतत प्रेक्षक बसलेत असं वाटतं. एका पिंपलसाठी शाळा बुडवणारी मुलगी खोटं बोलत नसते, तिला खरोखर अख्खा वर्ग त्या पिंपलकडे बघताना दिसतो.

आणि झोप. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे अकराच्या आत डोळा लागत नाही, पण गरज असते आठ ते दहा तासांची. २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायला सांगितल्या. ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती आठवी-नववीची पोरं सातलाच प्रार्थनेला उभी.

दोन आठवड्यांहून जास्त उदास, जेवण-खेळ सुटलेलं, जीव नकोसा झाल्याची भाषा, असं असेल तर त्याला ‘वय’ म्हणू नका. टेली-मानस ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.

मोबाइलवर जे व्हिडिओ येतात तसंच खऱ्यात असतं?

नाही. ती नटनट्यांनी केलेली, कापून जोडलेली दृश्यं असतात. त्यातली शरीरं निवडलेली, वेळ खोटी, आणि एकमेकांना विचारणं तर नसतंच. मारामारीचा सिनेमा बघून कुणी कुस्ती शिकत नाही. आपलं शरीर त्यांच्याशी ताडून बघणाऱ्या मुलांना एवढंच सांगते, की तुमची तुलना नटाशी चाललीय.

कुणी फोटो मागितला, फोटो पसरवायची धमकी दिली, तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. अठराखालच्या कुणाचाही असा फोटो पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ म्हणून सुटता येत नाही. सायबर तक्रारीसाठी १९३०.

ओळखीतल्याच एकाचा हात लावणं मला आवडत नाही. सांगू का कुणाला?

हो. आजच. तुझी चूक नाही, तू तेव्हा गप्प राहिली असलीस तरी नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, दिवसरात्र. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठराखालचं प्रत्येक मूल येतं, मुलगेही, आणि कळूनही तक्रार न करणारा मोठा माणूस स्वतःच गुन्हेगार ठरतो. म्हणूनच ही चिठ्ठी वाचल्यावर मी खोकं बंद करून, ‘शेवटचा तास झाल्यावर मी प्रयोगशाळेत एकटी असते’, एवढं सगळ्या वर्गाला सांगितलं. ती आली.

घरी बोलायचं कधी आणि कसं?

पहिली खूण दिसायच्या आधी, म्हणजे आठव्या-नवव्या वर्षीच. एकदाच बसवून व्याख्यान देऊ नका, मटार सोलताना, गाडीवर मागे बसवून, तुकड्यातुकड्यांनी बोला. समोरासमोर नसलं की दोघांनाही सोपं जातं. अवयवांची नावं नीट सांगा. ‘शूशूची जागा’ म्हणणाऱ्या मुलाला पुढे डॉक्टरला आणि पोलिसाला सांगता येत नाही. मुलाला पाळीबद्दलही सांगा. वडील मागे राहतात, त्यांनी राहू नये.

‘सांगितलं तर नको ते करतील’ या भीतीनं २००७ मध्ये महाराष्ट्रानं शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं होतं. युनेस्कोनं जगभरचे अभ्यास एकत्र केले तर उलटंच दिसलं. नीट शिकवल्यानं मुलं लवकर या वाटेला जात नाहीत, काही ठिकाणी उशिरा जातात.

डॉक्टरकडे जायला लाज वाटते.

२०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, १० ते १९ वयासाठी. त्याखाली सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री क्लिनिक’ असतात. तिथे हेच प्रश्न विचारायला समुपदेशक बसतात. पाटी सापडली नाही तर आशाताईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

बाई, देवानं हे सगळं नेमकं दहावीच्या वर्षातच का ठेवलं?

देवानं पाचवी-सहावीतच सुरू केलं होतं. दहावी तिथे मंडळानं ठेवली.